यंत्र वाजले, पण काय वाजले?

चतुर्थीचे दिवस होते. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. अडीच वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून एक बाप धावतच अपघात विभागात शिरला. "डॉक्टरांनू, झिलान रुपयो गिळल्यान!" मागोमाग मुलाची आई आणि काठी टेकत आजी. आरतीच्या ताटातली नाणी जमिनीवर सांडली होती, मूल तिथेच बसले होते आणि काहीतरी तोंडात घालताना बापाने त्याला पाहिले होते. मूल रडून थकले होते, पण श्वास व्यवस्थित होता. लाळ गळत नव्हती.

माझ्या टेबलाच्या खणात हातात धरायचा एक मेटल डिटेक्टर असे. स्टेशनवर पोलीस प्रवाशांच्या अंगावरून फिरवतात तसाच. मी तो स्वतः विकत घेतला होता, कारण रात्री एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ घरी गेलेला असतो आणि आईबाप मात्र लगेच उत्तर मागतात. यंत्र मुलाच्या गळ्याखाली वाजले. मी म्हणालो, "नाणे अन्ननलिकेच्या वरच्या भागात आहे." मुलाला त्रास नसेल तर अशा नाण्यासाठी काही तास थांबता येते. मुलाला दाखल करून घेतले आणि सकाळी फोटो काढू, असे केसपेपरवर लिहिले.

चाळीस मिनिटांनी आजी माझ्याजवळ आली. घरून फोन आला होता. "मखराच्या लायटीचो रिमोट उघडो पडलो हा. त्यातलो सेल गावना नाय."

तंत्रज्ञाला तातडीने बोलावून फोटो काढला. गळ्याखाली गोल सावली होती आणि तिच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ. ते नाणे नव्हते, चपटा बटन सेल होता. मुलाला लगेच गोव्याला पाठवले. सेल दुर्बिणीने निघाला, पण तोवर अन्ननलिका भाजली होती. पुढे ती आक्रसत गेली आणि कित्येक महिने पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागली. मूल आज बरे आहे. मात्र ती चाळीस मिनिटे मी वाया घालवली होती. यंत्र चुकले नव्हते. धातू आहे असे त्याने सांगितले, ते खरेच होते. 'नाणे' हा शब्द माझा होता.

यंत्राला काय कळते?

मेटल डिटेक्टरमध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जवळ धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे लहान प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्रात ढवळाढवळ करते आणि यंत्र वाजते. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे ते मुलांवर किंवा गरोदर बाईजवळ वापरायला भीती नाही.

शरीरातला धातू शोधण्याची कल्पना जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. गोळी शरीरातच अडकली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी गोळी शोधण्यासाठी असेच एक यंत्र तयार करून अध्यक्षांच्या अंगावरून फिरवले. गोळी सापडली नाही. गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी यंत्राचा घोटाळा केला, असे मानले जाते. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे, असे मुख्य डॉक्टर धरून बसले होते. बेल यांना शोधही तिकडेच घ्यावा लागला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण त्यातल्या दोन्ही चुका आजही होतात. आजूबाजूचा धातू यंत्राला फसवतो, आणि आधीच ठरवून बसलेला डॉक्टर स्वतःला.

निवड कशी करावी?

बाजारात तीन प्रकारची यंत्रे मिळतात. पहिला दाराच्या चौकटीसारखा, मंदिराच्या किंवा विमानतळाच्या प्रवेशाशी असतो तो. दुसरा हातात धरायचा. तिसरा लांब दांड्याचा, खाली वाटोळी तबकडी आणि कानाला हेडफोन असलेला, जमिनीतल्या वस्तू शोधणारा. हा तिसरा प्रकार आपल्या कामाचा नाही. आपल्या जांभ्या मातीत लोहाचे प्रमाण भरपूर असते, त्यामुळे नीट जुळवून न घेतलेले असे यंत्र इथे नुसत्या जमिनीवरही कुरकुरते. दवाखान्याला हवा तो हातातला.

काही हजार रुपयांत साधे, चांगले यंत्र मिळते. ते घेताना चार गोष्टी पाहाव्यात. शोधणारा भाग शक्यतो लहान असावा. लांबलचक पट्टीचे यंत्र धातू आहे हे सांगते, पण नेमका कुठे हे सांगताना गोंधळते. संवेदनशीलता कमीजास्त करायची सोय असावी. आवाज बंद करून नुसती थरथर ठेवता आली तर उत्तम, कारण अंगाजवळ कर्कश आवाज झाला की मूल हातपाय झाडू लागते. चौथी गोष्ट म्हणजे वेष्टनावरच्या अंतरावर विसंबू नये. खिशातला रुपया टेबलावर ठेवून किती अंतरावरून यंत्र वाजते ते दुकानातच पाहावे. लाकडी टेबलावर, लोखंडी नव्हे. लहान मुलाच्या छातीची जाडी लक्षात घेता, ज्या यंत्राला रुपया चार-पाच सेंटिमीटरवरूनही कळत नाही ते घेऊ नये.

जोडसाहित्य फार लागत नाही. बॅटरीचा एक जादा संच, चार्जिंगचे यंत्र असल्यास त्याचा चार्जर आणि पुसायला स्पिरिटचा बोळा. बॅटरी उतरली की यंत्र गप्प होते, आणि ते गप्प राहणे 'धातू नाही' असे वाटू शकते. म्हणून दरवेळी आधी रुपयावर वाजवून बघायचे, मगच मुलाजवळ न्यायचे.

वापरताना

मुलाच्या अंगावरचा धातू काढावा. करदोटा, वाळे, ताईत, सेफ्टी पिन, चड्डीची चेन, धातूची बटणे, सगळे. मुलाला धरणाऱ्या आईच्या बांगड्या आणि मंगळसूत्रही. लोखंडी खाट, सलाइनचा स्टँड आणि स्टीलचे टेबल यांच्यापासून दूर, लाकडी बाकावर किंवा मोकळ्या जमिनीवर मुलाला उभे करावे. यंत्र त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर धरून हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत सावकाश फिरवावे, आधी पुढून, मग पाठीकडून. आवाज सर्वात मोठा येईल तिथे पेनाने खूण करावी.

अन्ननलिकेत तीन अरुंद जागा असतात आणि नाणी बहुधा सर्वात वरच्या, म्हणजे गळ्याच्या तळाशी अडकतात. यंत्र गळ्यात किंवा छातीत वाजले तर एक्स-रे आणि तज्ज्ञ हवेत. अडकलेले नाणे साधारण चोवीस तासांच्या आत काढायचे असते. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास असेल तर तितकाही वेळ नाही. आवाज बरगड्यांच्या खाली, पोटात आला, मूल खेळते आहे आणि गिळलेली वस्तू नाणेच होती हे कोणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, तर ते नाणे बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. अशा वेळी नाणे पुढे सरकले की नाही हे वारंवार एक्स-रे न काढता पाहायला यंत्राचा चांगला उपयोग होतो. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हातातल्या डिटेक्टरने गिळलेली नाणी शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा ओळखली आहेत.

एका बाबतीत तर ते एक्स-रेपेक्षा सरस ठरते. अ‍ॅल्युमिनियम एक्स-रेवर फार पुसट दिसते, यंत्राला मात्र चांगले कळते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तरी आपल्याकडे अनेक देव्हाऱ्यांत अ‍ॅल्युमिनियमचे दहा-वीस पैसे अजून पडून असतात. मुलांच्या हाताला ती लागतात.

यंत्र गप्प राहिले तर?

आपल्या भागात घशात सर्वात जास्त काय अडकते? माशाचा काटा. पेडवे, तारले, बांगडा खाताना गळ्यात काही टोचले की घरातली मोठी माणसे भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावतात. त्याने काटा कधी कधी आणखी खोल रुततो. काट्यावर मेटल डिटेक्टर वाजत नाही. प्लास्टिक, शेंगदाणा, चिंचोका यांवरही नाही. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर मूल ठसका लागून निळे पडू शकते. त्या वेळी कुठलेही यंत्र शोधू नये. मूल खोकू किंवा रडू शकत नसेल तर पुढे वाकवून पाठीवर थापा माराव्यात आणि मदतीसाठी ओरडावे. बारीक पिन किंवा खोलवर गेलेला लहान धातूही यंत्रातून निसटतो. म्हणून यंत्र गप्प असले तरी लक्षणे बोलत असतील, तर लक्षणांचे ऐकावे.

रुपया आणि सेल

आता माझ्या चुकीकडे परत येतो. आजची रुपयाची नाणी साधारण २० ते २२ मिलिमीटर व्यासाची असतात. सीआर २०३२ हा सर्वत्र मिळणारा बटन सेल २० मिलिमीटरचा असतो. त्या आकड्यातले पहिले दोन अंक व्यासाचे, पुढचे दोन जाडीचे, म्हणजे ३.२ मिलिमीटर. वजनकाटा, गाडीची चावी, रोषणाईचा रिमोट, बोलकी खेळणी यांत हे सेल असतात. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही.

नाणे अन्ननलिकेत नुसते बसून राहते. सेल तिथल्या ओल्या आवरणातून वीज वाहू देतो आणि त्याच्या ऋण टोकाशी कॉस्टिक सोड्यासारखा जहाल अल्कली तयार होतो. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. पुढे अन्ननलिकेला भोक पडणे किंवा शेजारची मोठी रक्तवाहिनी फुटणे, इथवर मजल जाते. म्हणून सेलची जराशी शंका असली तरी मूल हसतेखेळते असो वा नसो, एक्स-रे ताबडतोब, आणि अन्ननलिकेत सेल दिसला तर दुर्बीण ताबडतोब. कणकवलीहून गोव्याला पोहोचायला लागणारा वेळ या दोन तासांतूनच वजा होतो.

वाटेत एक गोष्ट करता येते. २०१८ मध्ये डुकरांच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत मधाने ही जखम सौम्य होते असे दिसले. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तासांहून कमी वेळ झाला असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यावा, सहापेक्षा जास्त वेळा नाही. मध शोधण्यासाठी थांबू नये. उलटी करवू नये, मध सोडून दुसरे काही खायला देऊ नये.

दोन किंवा अधिक चुंबक गिळले तरी घाई तितकीच. आतड्याचे दोन पदर मध्ये चिमटून ते एकमेकांना ओढतात आणि भोक पाडतात. यंत्र त्यावरही फक्त वाजते.

घरी डिटेक्टर घ्यावा का, असे मला विचारतात. नको. रात्री एक्स-रे नसलेल्या दवाखान्यात त्याचा उपयोग आहे, घरात तो खोटा धीर देईल. घरासाठी स्क्रूड्रायव्हर पुरे. ज्या रिमोटचे झाकण नखाने उघडते त्यावर चिकटपट्टी लावा, जुने सेल पट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर टाका. मखराची रोषणाई उतरवून माळ्यावर ठेवाल, तेव्हा तिचा रिमोटही मोजून ठेवा.

त्या रात्रीनंतर माझ्या खणातल्या यंत्रावर मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर प्रश्न आहे : घरात कुठला सेल कमी आहे का? यंत्र सुरू करण्याआधी मी तो घरच्यांना विचारतो, आणि आजी आली असेल तर आधी आजीला.