मूल होत नाही? तपासणी दोघांची करा

लग्नाला दीड-दोन वर्षे झाली आणि सुनेकडून गोड बातमी आली नाही की घरात कुजबुज सुरू होते. आधी शेजारीण विचारते, मग नणंद विचारते आणि शेवटी सासू उघडच बोलते. बारशाला तिला बोलावणे टाळले जाते. ‘वांझ’ हा शब्द तिच्या पाठीमागे उच्चारला जातो आणि मग तोंडावरही येतो. हा शब्द बाईलाच लावतात. पुरुषाला असे म्हटलेले तुम्ही कधी ऐकले आहे काय?

आम्ही डॉक्टर नाही. दिवसभर कचेरीत फायली आणि हिशेब पाहणारे कारकून आहोत. पण वस्तीत काम करताना घरगुती तंट्याची जी प्रकरणे आमच्यापुढे येतात, त्यांतली कितीतरी याच कारणावरून पेटलेली असतात. असेच एक प्रकरण काही वर्षांपूर्वी आले. लग्नाला चार वर्षे झालेल्या मुलीला सासरच्यांनी माहेरी धाडले होते आणि मुलासाठी दुसरी मुलगी पाहणे चालू होते. मुलीच्या आईने कापडी पिशवीतून कागद काढून आमच्यापुढे ठेवले. तीन वेळा सोनोग्राफी, दोन वेळा पिशवी साफ केलेली, एकदा पोटात दुर्बीण घालून तपासणी. सगळे अहवाल चांगले होते. आम्ही कागद पुन्हा पुन्हा चाळले. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद त्यात नव्हता.

सासऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, “भाऊ, त्याला काय झालंय? चांगला धडधाकट गडी आहे!”

मोठ्या मिनतवारीने त्या मुलाची वीर्यतपासणी करवली. एकदा झाली, दुसऱ्यांदाही झाली. दोन्ही वेळा शुक्रजंतू शून्य! चार वर्षे ज्या मुलीने बोलणी खाल्ली, औषधे खाल्ली, तिचा यात काडीचाही दोष नव्हता. त्या दिवसापासून हा विषय उघडपणे मांडला पाहिजे असे आम्हांला वाटू लागले.

वंध्यत्व कशाला म्हणावे?

कोणतेही संततिनियमन न करता, नियमित शरीरसंबंध असूनही बारा महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच डॉक्टरांना भेटावे. मुलगी जन्मतःच आपली सर्व स्त्रीबीजे घेऊन येते. वयानुसार ती कमी होत जातात आणि पस्तिशीनंतर ही घट वेगाने होते.

इथे ‘नियमित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नवरा मुंबईला कामावर आणि बायको गावी, भेट सणासुदीला. किंवा एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची दिवसपाळी. अशा जोडप्यांची वर्षे मोजण्यात अर्थ नाही. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते फार तर एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून ज्यांची पाळी २८ दिवसांची आहे, त्यांनी पाळीच्या दहाव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड एकत्र यावे. काही घरांत एवढ्या माहितीनेच प्रश्न सुटतो.

ही व्यथा आपल्या एकट्याची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अहवालानुसार, जगात दर सहा प्रौढ माणसांत एकाला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. कारण कधी स्त्रीमध्ये असते, कधी पुरुषामध्ये, कधी दोघांमध्ये, तर काही वेळा सर्व तपासण्या करूनही सापडत नाही.

स्त्रियांनी कोणत्या खुणा ओळखाव्यात?

पाळी २१ दिवसांच्या आत येणे, ३५ दिवसांच्या पुढे जाणे किंवा महिनोन्‌महिने न येणे ही पहिली खूण. त्याबरोबर हनुवटीवर राठ केस, खूप मुरमे, वाढते वजन, मानेवर काळसरपणा असेल तर पीसीओएस हा विकार असू शकतो. यात स्त्रीबीज वेळेवर तयार होऊन बाहेर पडत नाही. वजन थोडे कमी केले तरी अनेकींची पाळी सुधारते आणि यावर गोळ्याही आहेत. थायरॉइडच्या बिघाडानेही पाळीचे चक्र विस्कटते. मूल नसताना स्तनांतून दूध येत असेल तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.

पाळीच्या वेळी लोळण घ्यावी लागेल इतके दुखणे, संबंधाच्या वेळी खोलवर वेदना होणे, ही एंडोमेट्रिओसिसची खूण असू शकते. ‘बाईच्या जातीला दुखायचेच’ म्हणून हे अंगावर काढू नये. ओटीपोटात दुखणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. बाळंतपणानंतर किंवा अस्वच्छ ठिकाणी केलेल्या गर्भपातानंतर असा संसर्ग झाला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात. मात्र वास किंवा खाज नसलेला थोडा पांढरा स्राव हा नैसर्गिक असतो, तो रोग नव्हे.

आपल्या देशात आणखी एक छुपे कारण आहे, ते म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. यात खोकला नसतो, थुंकीतही काही सापडत नाही. कित्येक वेळा कसलाच त्रास नसतो. पण आतल्या आत गर्भनलिका आणि गर्भाशयाचे अस्तर खराब होते. घरात कोणाला टीबी झाला असेल किंवा स्वतःला पूर्वी झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

पुरुषांनी काय पाहावे?

पुरुषांच्या बाबतीत बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. मर्दानगी आणि संतती होण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संबंधात कसलीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात. वीर्य नुसत्या डोळ्यांनी पाहून ते कळत नाही. त्याला सूक्ष्मदर्शकच लागतो.

तरी काही गोष्टी आठवून पाहाव्यात. लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते काय? वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषणाला सूज आली होती काय? हर्नियाचे ऑपरेशन, जोराचा मार, गुप्तरोग? अंडकोषात, विशेषतः डाव्या बाजूला, फुगलेल्या शिरांचा गुंता हाताला लागतो काय? याला व्हॅरिकोसील म्हणतात आणि गरज असेल तर त्यावर शस्त्रक्रिया होते. मधुमेह, तंबाखू, गुटखा, विडी, अति दारू यांनीही नुकसान होते. वृषणांना शरीरापेक्षा थोडा थंडावा लागतो. म्हणून भट्टीजवळ किंवा बॉयलरजवळ काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे. व्यायामशाळेत अंग भरण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांना तर आमचा खास इशारा आहे. या इंजेक्शनांनी शुक्रजंतू तयार होणेच बंद पडू शकते. उलट स्वप्नावस्थेने किंवा हस्तमैथुनाने शुक्रजंतू संपतात, ही निव्वळ थाप आहे. तिच्यावर भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांची दुकाने चालतात.

तपासणी कोणत्या क्रमाने?

पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून जावे. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, कमी खर्चाची आणि वेदना नसलेली तपासणी. ती आधी व्हावी. त्यापूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली खालची पातळी आहे. अहवालात दोष आढळला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे, एका कागदावर निकाल लावू नये. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्याचा फायदाही तेवढ्या काळानंतरच दिसू लागतो.

पत्नीसाठी रक्तातील संप्रेरके, सोनोग्राफी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारा एक्स-रे, असा क्रम असतो. दुर्बिणीची तपासणी गरज असेल तरच. नुसती ‘पिशवी साफ केली’ म्हणून मूल होत नाही. ते वारंवार केल्याने आतले अस्तर चिकटून नवेच दुखणे उभे राहू शकते. ते का करायचे आहे, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे.

गर्भनलिका बंद असतील किंवा शुक्रजंतू फारच कमी असतील तर टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्माला आले, त्याला आता बरीच वर्षे झाली. हा उपचार महाग आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी पाहा, सर्व खर्च लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. जमीन किंवा दागिने गहाण टाकण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या.

अंगारा नको, कायदा माहीत करून घ्या

अंगारे, गंडे, बाबाची खोली या मार्गाने मूल होत नाही, अब्रू मात्र जाते. अलौकिक शक्तीने मूल देतो असे सांगून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. मूल होत नाही हे त्यात घटस्फोटाचे कारण नाही आणि पहिली बायको असताना दुसरी करणे हा गुन्हा आहे. मूल दत्तक घेण्याचा हक्कही कायद्याने दिला आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘कारा’ या यंत्रणेकडे नोंदणी करावी. परस्पर व्यवहार करू नये.

आता त्या मुलीचे सांगतो. तिच्या नवऱ्याला सोळाव्या वर्षी गालगुंड झाले होते आणि वृषणाला सूज आली होती, हे डॉक्टरांनी विचारल्यावर त्याच्या आईला आठवले. दुसरी सोयरीक अर्थातच मोडली. नवरा स्वतः जाऊन बायकोला घेऊन आला. दोघांनी विचार करून दत्तकासाठी नाव नोंदवले आणि काही वर्षे थांबल्यावर त्यांच्या घरी एक मुलगी आली. अहवाल आला त्या दिवशी सासऱ्यांनी आमच्या नजरेला नजर दिली नव्हती. आज नातीचे दप्तर खांद्यावर टाकून तिला शाळेत सोडायला तेच जातात.

वाचकहो, प्रत्येक घरी पाळणा हलेलच असे आम्ही म्हणत नाही. आमची विनंती एवढीच आहे की, तुमच्या घरात हा प्रश्न आला तर सुनेच्या कागदांची पिशवी उघडून पाहा. तिच्यात मुलाचा कागद आहे काय? नसेल, तर सुनेला एक शब्दही बोलण्यापूर्वी मुलाला दवाखान्यात घेऊन जा.