डायपोल : दोन तारांचा एरियल

आमचे गाव भोर तालुक्यात, डोंगराआड. अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर पुण्याची विविध भारती (१०१ मेगाहर्ट्‌झ) खरखरतच लागे. मी पडलो कला शाखेचा. पण डायपोल एरियलचे गणित सोपे निघाले. ३०० ला १०१ ने भागले की तरंगलांबी मिळते : सुमारे २.९७ मीटर. तिची निम्मी घ्यावी. प्रत्यक्षात तार थोडी आखूड लागते, म्हणून पाच टक्के वजा करावेत. उरते १४१ सेंटिमीटर; म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे.

ते बांबूवर एका रेषेत, पण एकमेकांना न टेकता बांधले. टीव्हीच्या जुन्या केबलची आतली तार एकाला, बाहेरची जाळी दुसऱ्याला जोडली. खाली तार रेडिओच्या दांडीला, जाळी सेलच्या ऋण टोकाला.

पहिल्या दिवशी काहीच सुधारले नाही. बांबूचे टोक मी उत्तरेला, पुण्याकडे रोखले होते! डायपोलला टोकांच्या दिशेने फारसे ऐकू येत नाही. आडव्या बाजूने येते. बांबू पूर्व-पश्चिम फिरवला आणि गाणे स्वच्छ झाले.

अण्णा शाळेत गेलेले नाहीत. म्हणाले, "कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?"

"न्हाय अण्णा, पण तिथल्या लायब्ररीत ह्याचं पुस्तक हाय."

कला शाखेच्या मित्रांनो, विज्ञानाचे ते कपाट आपल्यालाही उघडे आहे.