झांजेचा एक ठोका

कर्जत स्थानकात पुण्याची गाडी थांबली की मागून बँकर इंजिनं लागतात, 37 ला 1 चा बोरघाट चढवून देतात, सुटतात आणि खाली येऊन पुढच्या गाडीची वाट बघत उभी राहतात. उभ्या बँकरला कर्जतमध्ये कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडे मात्र आपण मजुरीच्या हिशेबाने बघतो. मुंबईत एनसीपीएमध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिथे द्वोरझाकची 1893 सालची ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनी लागली, तर झांजवाल्याच्या वाट्याला चाळीसेक मिनिटांत ठोका येतो एक. ट्यूबा तर फक्त दुसऱ्या भागात, तोही मोजके सूर. दिंडीतला टाळकरी हे ऐकून हसेल.

पण तो एक ठोका जवळून बघावा. चौथ्या भागात, सुरुवातीच्या गडगडाटानंतर, तो हलक्या हाताने द्यायचा असतो. दोन्ही थाळ्या तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर मधली हवा कोंडते आणि नाद मरतो. म्हणून त्या किंचित तिरक्या भिडवाव्या लागतात. जोरात आदळणं त्यामानाने सोपं. शिवाय चुकलं तर सावरायला दुसरा ठोकाच नाही. तोवरची सगळी मिनिटं मापं मोजण्यात आणि इतरांना ऐकण्यात जातात, आणि माझ्या मते खरी नोकरी तीच आहे. कुणी म्हणेल, तिसऱ्या भागातला ट्रँगल बहुधा तोच वाजवतो, म्हणजे इतका निवांत तो नसतोच. असेल, पण त्यानेही त्याचं बसणं फार कमी होत नाही. आणि मैफलीत तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याचे सूर मोजून त्याची बिदागी कुणी ठरवली आहे का?

एकल वादकाचं तरी वेगळं असेल, हा आक्षेपही टिकत नाही. द्वोरझाकच्याच चेलो कन्चेर्तोत चेलोवादक सगळ्यांसमोर बसून पहिली तीनेक मिनिटं गप्प असतो, आणि त्या भागातली सर्वांत देखणी धून आधी हॉर्न वाजवून जातो. चेलोवादक मित्र हानुश वीहानने शेवटच्या भागात एकट्याने मिरवायला कडेन्झा सुचवली; द्वोरझाकने ती साफ नाकारली. त्याऐवजी चेलो विझत विझत जातो, शेवटी एकदा उसळतो, आणि अखेरची मापं वाद्यवृंदाच्या हाती देतो. 1896 मध्ये लंडनला पहिला प्रयोग झाला तेव्हा चेलोवर वीहान नव्हता, लिओ स्टर्न होता.