वर्गात कुणालाच २०६ हाडे नसतात

माणसाच्या शरीरात हाडे किती? सहावी-सातवीच्या कोणत्याही वर्गात हा प्रश्न टाकला की एका सुरात उत्तर येते, ‘दोनशे सहा!’ जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, निमगाव सावा परिसरातील काही शिक्षकांशी अस्थिसंस्थेच्या धड्याविषयी बोलण्याचा योग आला, तेव्हा बहुतेकांचे म्हणणे असे पडले की हा धडा सोपा आहे. भिंतीवर तक्ता लावायचा, कवटी, बरगड्या, कणा अशी नावे म्हणून घ्यायची, उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा हात हलवून दाखवायचा. दोन तासिकांत धडा आटोपतो आणि मुलांना गुणही चांगले पडतात.

माझी अडचण नेमकी इथेच आहे. २०६ हा आकडा पूर्ण वाढ झालेल्या माणसाचा आहे. तो मोठ्याने सांगणाऱ्या वर्गातल्या एकाही मुलाला किंवा मुलीला तो लागू पडत नाही. त्यांच्या शरीरात वेगवेगळे मोजता येतील असे हाडांचे तुकडे याहून बरेच जास्त असतात. नवजात बाळात तर ते २७० ते ३०० च्या घरात जातात. नेमकी संख्या कशाला स्वतंत्र हाड म्हणायचे यावर ठरते. वाढीच्या काळात हे तुकडे एकमेकांना जुळत जातात आणि शेवटी २०६ उरतात. म्हणजे २०६ हा मुक्कामाचा आकडा झाला. मुले अजून वाटेवर आहेत, आणि शिकवण्याजोगी गंमत सगळी वाटेवरच आहे.

सुरुवात टाळूपासून करावी. घरात तान्हे बाळ असेल त्या प्रत्येक मुलाने आजीला बाळाच्या टाळूवर तेल घालताना पाहिलेले असते. ‘टाळू भरली नाही अजून’ हे वाक्यही त्याच्या कानावरून गेलेले असते. टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली अजून न जुळलेली जागा. ती साधारण दीड वर्षापर्यंत भरते. आता मुलांना कमरेवर हात ठेवायला सांगा. अंगठा ज्या कडेवर टेकतो ते एक हाड, आपण बसतो तेव्हा ज्याच्यावर भार येतो ते दुसरे, आणि ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला असते ते तिसरे. मोठ्या माणसात ही तिन्ही जुळून एकच हाड होते. सहावी-सातवीच्या मुलांमध्ये खुब्याच्या उखळीत, जिथे ही तिन्ही भेटतात तिथे, बहुधा अजून कूर्चेची फट असते. कूर्चा म्हणजे काय हे समजायला कानाचा वरचा भाग दुमडून पाहावा. पाठीच्या कण्याचेही तसेच. मणके ३३ असे एके ठिकाणी वाचायचे आणि २६ असे दुसरीकडे, यात चूक कोणाचीच नाही. तळाचे पाच मणके जुळून त्रिकास्थी होते आणि त्याखालचे चार जुळून माकडहाड. त्रिकास्थीचे जुळणे पुरे व्हायला विशीही उलटते.

हातापायांच्या लांब हाडांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वाढत्या वयात अशा हाडाच्या टोकाला हाडाचीच एक वेगळी टोपी असते, आणि टोपी व दांडा यांच्यामध्ये कूर्चेची पातळ चकती. हाड लांब होते ते या चकतीमुळे. चकतीच्या एका बाजूला नवी कूर्चा तयार होत असते आणि दुसऱ्या बाजूला जुनी कूर्चा हाडात बदलत असते. एक्स-रेत ही चकती काळ्या रेघेसारखी दिसते, त्यामुळे हाड मोडले की काय असे वाटून पालक घाबरतात. चकतीचे पूर्ण हाड झाले की उंची थांबते. मुलींमध्ये हे साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी, मुलांमध्ये सोळा ते अठराव्या वर्षी होते. पुढेमागे होणारेही पुष्कळ असतात. मुलींच्या वाढीचा वेग आधी येतो म्हणून सातवीच्या रांगेत पुष्कळदा मुली उंच दिसतात आणि काही मुलगे त्यावरून खट्टू होतात. त्यांना ही चकती समजावून सांगितली तर नुसत्या धीर देण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

मनगटात तर आणखी मौज आहे. मनगटातली आठही छोटी हाडे जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून हाडात बदलतात, आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड नवव्या ते बाराव्या वर्षांच्या सुमारास दिसू लागते. म्हणून हाताच्या एक्स-रेवरून मुलाचे वय अजमावता येते. क्रिकेटच्या १६ वर्षांखालील संघांसाठी खेळाडूंच्या मनगटाचा एक्स-रे काढतात तो यासाठीच. एवढे सांगितल्यावर मागच्या बाकावरचे लक्षही धड्याकडे येते, हा अनुभव घेऊन पाहावा.

हाड कशाचे असते हे मात्र तोंडाने सांगू नये, दाखवावे. कोंबडीच्या तंगडीची शिजलेली, स्वच्छ धुतलेली दोन हाडे घ्या. एक हाड काचेच्या बरणीत, पूर्ण बुडेल इतक्या व्हिनेगरमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. पाच ते सात दिवसांत हाड रबरासारखे वाकू लागते, कारण आम्लाने त्यातले कॅल्शियमचे क्षार विरघळून जातात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे मागे राहतात. दुसरे हाड शिक्षकांनी स्वतः, वर्गाबाहेर, चुलीच्या निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत भाजावे. त्याचा आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबले की चुरा होतो. इथे प्रथिन जळून गेले आणि क्षार उरले. कोरड्या हाडाच्या वजनात साधारण दोन तृतीयांश क्षार असतात, आणि उरलेले बहुतेक कोलॅजेन. मातीच्या भिंतीत भुसा कालवतात तो कशासाठी, हे गावातल्या मुलांना विचारा. उत्तर त्यांच्याकडूनच येईल.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. ओढ्याकाठी किंवा माळावर पडलेली जनावरांची हाडे मुलांना गोळा करायला लावू नयेत. ते जनावर कोणत्या रोगाने मेले हे आपल्याला ठाऊक नसते. आणि माळकरी घरातल्या मुलाला हाड हातात घ्यायचे नसेल तर आग्रह करू नये. बरणीकडे पाहून रोजची नोंद ठेवण्याचे काम तितकेच शास्त्रीय आहे.

मुलांच्या हाडात मोठ्यांच्या मानाने क्षार कमी असतात. म्हणून चिंचेवरून पडलेल्या मुलाचे हाड पुष्कळदा ओल्या काडीसारखे मोडते: एका बाजूने तडकते, दुसऱ्या बाजूने धरून राहते. वाळकी काडी कट्कन दोन होते. दोन्ही काड्या वर्गात मोडून दाखवायला अर्धे मिनिट लागते.

मोडलेले हाड सांधते, याचा अर्थ ते जिवंत आहे. तक्त्यावरचा पांढरा सांगाडा पाहून मुलांच्या मनात हाड म्हणजे दगडासारखी वस्तू अशी जी समजूत बसते, ती इथे मोडावी. हाडात रक्तवाहिन्या आहेत, हाड कुरतडणाऱ्या पेशी आहेत, नवे हाड बांधणाऱ्या पेशी आहेत, आणि दोघींचे काम जन्मभर चालू असते. प्रौढ माणसाच्या हाडांचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. शरीरातल्या कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडादातांत असते. रक्ताला कॅल्शियम कमी पडू लागले की ते या ठेवीतून काढले जाते. पतसंस्थेचे पासबुक प्रत्येक घरात असलेल्या या तालुक्यात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात पिकणारी नाचणी ही या ठेवीत भर घालणारी मोठी वस्तू आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधात तेवढ्याच वजनाला सुमारे सव्वाशे.

ठेव वाढली की आटली याची खूण हाडात राहते, आणि ती हजारो वर्षांनी वाचताही येते. त्याचे उदाहरण आपल्याच खोऱ्यात आहे. कुकडीचे पाणी घोड नदीला मिळते, आणि घोडेच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. ते बार्ली पिकवत, गुरे पाळत, आणि आपली मृत माणसे घराच्याच जमिनीखाली पुरत. दोनशेहून अधिक दफने तिथे मिळाली. त्यांतली बहुतेक लहान मुलांची आहेत. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे आणि बाळाला त्यात ठेवायचे, अशी रीत होती.

हे वर्गात सांगताना सूर सांभाळावा. एखाद्या मुलाच्या घरी असे दुःख होऊन गेलेले असू शकते. पण सांगू नये असे मला वाटत नाही. नाव नसलेल्या, कुठलाही लेख मागे नसलेल्या त्या मुलांविषयी आज जे कळते ते त्यांच्या हाडांतून आणि दातांतूनच. मृत्यूच्या वेळी मूल किती वर्षांचे होते? दुधाचे किती दात आले होते, कायमची पहिली दाढ (ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते) कुठवर तयार झाली होती, हाडांची कोणती टोके जुळली होती, यावरून ते काढतात. म्हणजे टाळूपासून आपण जे शिकवले, तेच इथे मोजपट्टी म्हणून वापरले जाते. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इथल्या सांगाड्यांचा अभ्यास १९८६ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, आणि पुढे दुधाच्या सुळ्यांवर राहून गेलेल्या खळग्यांचाही अभ्यास केला. दाताचे आवरण तयार होत असताना बाळावर आजाराचा किंवा उपासमारीचा ताण आला तर तिथे खळगा किंवा आडवी खाच राहते. हाड स्वतःला नवे करत राहते, दाताचे आवरण तसे करू शकत नाही, त्यामुळे ही खूण पुसली जात नाही.

इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या काळातल्या मुलांची हाडे मोजली. त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये आला. वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना त्या हाडांत दिसल्या. दात सांगतात ते वय एक, आणि मांडीच्या हाडाची लांबी त्या वयाला शोभण्याइतकी नाही, असा हा हिशेब असतो.

मोठ्यांच्या दफनांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. प्रेत उताणे, उत्तरेकडे डोके करून ठेवलेले, पण घोट्याखालचे पाय तोडलेले. मृताने उठून जाऊ नये अशी काही समजूत यामागे असावी, असे संशोधकांनी म्हटले आहे. इथे वर्गात थोडे थांबावे. पाय नाहीत हे निरीक्षण, आणि का नाहीत हा तर्क. या दोहोंतला फरक दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मग एक कोडे घालावे: पावले नसलेल्या सांगाड्याची उंची कशी काढाल? मुले बरीच झटापट करतात. उत्तर असे, की मांडीचे हाड प्रौढ माणसाच्या उंचीच्या साधारण २६ ते २७ टक्के असते. ते हाड अखंड मिळाले की पावलांवाचून अडत नाही.

जिवंत माणसाचे मांडीचे हाड मोजणे अवघड, पण हाताचे सोपे आहे. कोपर दुमडून टोकापासून मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्यापर्यंत शिंप्याची टेप लावा. उंचीला या लांबीने भागले की उत्तर सहा ते सात यांच्या दरम्यान येते. चाळीस मुलांचे चाळीस आकडे आलेखावर मांडा. मग एखाद्या शिक्षकाने पडद्याआडून फक्त हात बाहेर काढावा आणि मुलांनी त्यांची उंची सांगावी. अंदाज थोडा चुकेल, कारण वाढत्या मुलांचे गुणोत्तर मोठ्यांना जसेच्या तसे लागत नाही. का चुकला, हाच पुढचा प्रश्न.

उंचीचे आकडे मोठ्याने वाचू नयेत. प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे आणि एक नोंद शिक्षकांकडे ठेवावी. एकदा घेतलेली उंची फार काही सांगत नाही. आईवडील बुटके असतील तर मूलही बुटके असू शकते. पण जूनमध्ये घेतलेली आणि पुढच्या जूनमध्ये घेतलेली उंची जवळजवळ तेवढीच असेल, तर या वयात ते बरे लक्षण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. एका दिवसाच्या तपासणीत त्यांना जे दिसणार नाही ते या वहीत असते.

उंची दर वेळी सकाळी, प्रार्थनेनंतर लगेच घ्यावी. मणक्यांमधल्या कूर्चेच्या गाद्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरतो. मुलांना हे खरे वाटत नाही. त्यांना शाळा सुटताना पुन्हा एकदा भिंतीशी उभे करावे.