तुटलेली गुणसूत्रं मोजताना

हिरव्या बुचाच्या नळीतून रक्त येतं, सोबतच्या कागदावर डॉक्टरांची शंका लिहिलेली असते: फॅन्कोनी ॲनिमिया. वयाच्या मानाने उंची कमी, अंगठा जन्मतः अर्धवट, रक्तातल्या सगळ्याच पेशी घटत चाललेल्या. स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. तो ओळखायचा तर पेशींवर मुद्दाम विष घालून पाहावं लागतं.

टेक्निशियन त्या रक्ताची दोन कल्चर लावते. एक साधं; दुसऱ्यात मायटोमायसिन-सी. हे कर्करोगावरचं औषध डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं, आणि धागे सुटे झाल्याशिवाय पेशीला दुप्पट होता येत नाही. निरोगी पेशी ही गाठ बरीचशी सोडवते. फॅन्कोनीच्या रुग्णाच्या पेशीला ते जमत नाही. तिची गुणसूत्रं तुटतात. एका निरोगी माणसाचं रक्तही शेजारी तसंच लावलेलं असतं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी आपणहून विभाजनाला लागत नाहीत. त्यांना जागं करायला राजम्यातून काढलेलं एक प्रथिन घालतात. ३७ अंशांवर साधारण ७२ तास गेले की दुसरं विष येतं, कोल्चिसिन. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या फुलांनी उठून दिसणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच असतं. ते पेशीला ऐन विभाजनात अडवतं, गुणसूत्रं आखूड, जाड, दिसण्याजोगी असतानाच.

मग क्षाराच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये स्थिर करायच्या आणि स्लाइडवर थेंब सोडायचा. सगळी मेख इथेच. हवा दमट असली की थेंब सावकाश वाळतो, गुणसूत्रं वाजवीपेक्षा जास्त पांगतात. शेजारच्या दोन पेशींची सरमिसळ झाली की ४६ चा हिशेब लागत नाही.

जिम्साच्या जांभळ्या रंगानंतर १०० च्या ऑइल लेन्सखाली मोजणी सुरू होते. स्लाइडवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक. नुसती न रंगलेली फट वेगळी लिहायची, खरी तूट वेगळी. एके ठिकाणी दोन गुणसूत्रांची तुटकी टोकं भलतीकडे जुळून चार रस्त्यांचा चौक झालेला असतो. असे ‘रेडियल’ पेशीमागून पेशी दिसू लागले की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही. क्वचित रक्तातल्या काही पेशी आपोआप दुरुस्त झालेल्या असतात आणि निकाल फसवा येतो. तेव्हा त्वचेच्या पेशी मागवाव्या लागतात.

ही उस्तवार निव्वळ आजाराला नाव देण्यासाठी नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी देतात ती औषधंही डीएनएवरच घाव घालतात. नेहमीचा डोस या मुलांना झेपत नाही, तो बराच कमी करावा लागतो. वरवर धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचीही हीच तपासणी होते, कारण बहुधा दाता तिथूनच शोधायचा असतो. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनीच्या एका मुलावर नाळेतल्या रक्ताचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं. तिला हा आजार नाही, याची खात्री ती जन्मण्याआधीच करून घेतलेली होती.