गर्भपात आणि भ्रूणहत्या: दोन शब्दांचा गोंधळ बायकांना महागात कसा पडतो?

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं गाव. इथल्या बाईला सोनोग्राफी करायची असेल तर तारकर्ली ओलांडून मालवण गाठायचं. मोठं काही निघालं तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट गोव्यात बांबोळी.

यातल्या कुठल्याही सोनोग्राफी केंद्रात गेलं की एक पाटी दिसतेच: गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे. ती लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण ठरावीक अटींमध्ये गर्भपात कायदेशीर आहे, हे सांगणारी पाटी लावायची सक्ती कुणावरच नाही. गर्भपात केंद्राला मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं खरं, पण भिंतीवरचं सरकारी प्रमाणपत्र कोण वाचत बसतं?

त्यामुळे गुन्हा काय आहे हे सगळ्यांना पाठ असतं. काय गुन्हा नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

कायदे दोन, विषयही दोन

पहिला कायदा गर्भपाताचा, म्हणजे १९७१चा एमटीपी कायदा. तो १ एप्रिल १९७२पासून लागू झाला. त्याची पायाभरणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे मंत्री शांतिलाल शाह. समिती १९६४मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल १९६६मध्ये आला. चोरून, असुरक्षित पद्धतीनं होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ही चिंता त्यामागे होती. लोकसंख्येची काळजीही होतीच.

दुसरा कायदा गर्भलिंग निदानाविरुद्धचा. त्यात महाराष्ट्र देशात पहिला होता. राज्याचा कायदा १९८८मध्ये आला, केंद्राचा १९९४मध्ये. हा कायदा गर्भपाताबद्दल नाहीच. पोटातलं मूल मुलगा आहे की मुलगी हे शोधणं आणि सांगणं, यावर त्याची बंदी आहे.

कागदावर एवढं स्वच्छ असलेलं प्रकरण बोलण्यात मात्र पार मिसळून गेलं.

'हत्या' शब्द कुठून आला?

'भ्रूणहत्या' हा शब्द जुनाच. एकोणिसाव्या शतकात विधवांच्या हालांवरच्या चर्चेत तो यायचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा त्यांनी अशा बाईला दोष दिला नाही, बाळंतपणासाठी जागा दिली.

१९८०च्या दशकात मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी लिंगनिदानाविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हाच हा पेच त्यांच्यासमोर होता. मुलगी नको म्हणून होणाऱ्या चाचण्यांना विरोध करायचा, पण बाईच्या गर्भपाताच्या सोयीला धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून अनेकांनी 'लिंगनिवड' हा शब्द धरला. पण तो कोरडा पडला. पोस्टरवर, पथनाट्यात, भाषणात चालला तो 'स्त्रीभ्रूणहत्या'च. काळीज हलवायला तो शब्द फार कामाचा होता, हे मान्य करायला हवं.

आणि परिस्थिती भयंकर होतीच. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१मध्ये ९४६ मुली होत्या. २००१मध्ये ९१३ झाल्या, २०११मध्ये ८९४. २०१२मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं प्रकरण उघडकीला आलं आणि राज्य हादरलं. अशा प्रकरणांत खुनाचं कलम लावा, अशी मागणी तेव्हा सरकारमधूनही झाली. मार्च २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला आणि पोलिसांना पुरलेले १९ भ्रूण सापडले.

राग योग्यच होता. अडचण ही की 'मुलगी आहे म्हणून पाडलं' आणि 'मूल आत्ता नको' यातला फरक त्या रागात वाहून गेला. 'भ्रूणहत्या'तला 'स्त्री' गळला, 'हत्या' उरली.

फटका कुठे बसला?

सगळ्यात ठळक उदाहरण गोळ्यांचं. परळीनंतरच्या काळात राज्यात गर्भपाताच्या गोळ्या विकणाऱ्या औषध दुकानांच्या तपासण्या वाढल्या. नको ती झंझट म्हणून अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच बंद केलं.

आता जरा हिशेब करा. या गोळ्या नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्यायच्या असतात. सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण १२ ते १४ आठवडे जावे लागतात. म्हणजे मुलगी आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत गोळ्यांची मुदत उलटून गेलेली असते. लिंगनिवड रोखण्यासाठी या गोळ्यांच्या मागे लागण्यात फारसा अर्थच नव्हता. सुटलं ते लवकर आणि ऑपरेशनशिवाय मोकळं होण्याचं साधन.

मग टीव्हीवर चर्चा झाली ती कशाची?

गर्भपातावर मोठी सार्वजनिक चर्चा होते ती बहुतेक वेळा कुणीतरी कोर्टात गेल्यावर. २००८मध्ये मुंबईच्या निकेता मेहता यांच्या पोटातल्या बाळाला हृदयाचा गंभीर दोष असल्याचं निघालं. तेव्हा २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. मुंबई उच्च न्यायालयानं परवानगी नाकारली. काही दिवसांतच त्यांचा गर्भ आपोआप पडला. मधल्या काळात हे जोडपं बरोबर की चूक, यावर देशभर मतं दिली गेली. कायद्यातली मर्यादा तिथंच का, यावर त्या मानानं कमी बोललं गेलं. ती बदलायला पुढे १३ वर्षं लागली.

२०२१च्या दुरुस्तीनंतर आज चित्र असं आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ही सोय ठरावीक गटांनाच आहे, उदाहरणार्थ बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या महिला. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं यात अविवाहित महिलांनाही धरलं. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं २४ आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा 'भारत अमेरिकेच्या पुढे' अशा पोस्ट फिरल्या. तेही अर्धंच खरं. आपल्याकडे गर्भपात अजून मूळ गुन्ह्याला दिलेली सूट आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे. आणि अटी पूर्ण झाल्या का, हे ठरवतो डॉक्टर.

सूट संपली की उरतं कोर्ट. सिंधुदुर्गातल्या बाईसाठी ते ऑगस्ट २०२५पर्यंत मुंबईत होतं, जवळपास पाचशे किलोमीटरवर. आता कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यानं घाट चढून तिथं जाता येतं. आठवड्यांवर हिशेब चालतो तिथं हा फरक छोटा नाही.

आणि नवऱ्याची सही?

२०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ महिला होत्या. त्याचं एक मोठं कारण म्हणजे घरचा पुरुष चाकरमानी, मुंबईला. त्याच जिल्ह्यात लहान वयोगटात मात्र हजार मुलग्यांमागे ९२२च मुली. म्हणजे लिंगनिवडीची शंका इथंही घेता येते, आणि नवरा गावात नसलेल्या बायकाही इथं कमी नाहीत.

अशा बाईला 'मिस्टरांना घेऊन या, सही लागेल' असं सांगितलं, तर ती गणपतीपर्यंत थांबणार का? कायद्यात नवऱ्याच्या सहीची अट नाहीच. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. त्याहून लहान असेल तर पालकाची लागते. २०२१च्या दुरुस्तीनं 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्दही काढून 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले. गर्भनिरोधक फसलं, हे कारण २० आठवड्यांपर्यंत अविवाहितेलाही देता येतं.

तिचं नाव कायद्यानं परवानगी असलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितलं, तर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एसटीतून उतरताना कोण कुठे जाऊन आलं हे वाडीला कळतं, अशा गावात हे कलम सगळ्यात आधी सांगायला हवं.