पाऊस शिकवणारी माणसं

पावसाचं शास्त्र मराठी माणसापर्यंत कुणी आणि कसं पोचवलं, याचा आढावा संपादकांनी मागितला आहे. मी तो परभणी जिल्ह्यातल्या मानवतला बसून घेतोय, तेव्हा कोरडवाहूच्या बाजूनेच घेणार, हे आधीच सांगून टाकतो.

वेधशाळांचा इतिहास वाचकांना पाठ आहे. १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलेलं हवामान खात्याचं कार्यालय, १९६२ सालची उष्णदेशीय हवामान संस्था, हे दर जूनमध्ये छापून येतंच. वसंतराव गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या प्रारूपाने १९८८ पासून मोसमी अंदाज चहाच्या हॉटेलात आणून बसवला, हे त्यांचं श्रेय. २००२ च्या कोरड्या जुलैने ते प्रारूप कसं तोंडघशी पाडलं, त्यावर भरपूर लिहून झालंय. हवामान खात्याच्या महासंचालकपदावरून निवृत्त झालेल्या रंजन केळकरांनी मराठीत सोपं आणि नेमकं लिहिलं. पुढे जाऊ.

माझा जीव अडकलाय तो मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळांच्या कामात. २४ जुलै २०२५ रोजी त्या गेल्या. जन्म १९४४ चा, पुण्याचा. हार्वर्डला उपयोजित गणितात डॉक्टरेट, आणि १९७३ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. १९८० साली हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहाची रोजची चित्रं तपासून दाखवलं, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा उभा राहतो आणि पावसाळ्यात काही काही आठवड्यांनी उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. मान्सून म्हणजे तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येणारा अवाढव्य खारा वारा, हे शाळेतलं उत्तर त्यामुळे लंगडं पडलं.

त्यांचा युक्तिवाद मी भूगोलाच्या तासाला हक्काने वापरायचो. जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात, मग पावसाचा जोर जुलैत का? दुष्काळी वर्षी तर पावसाळ्यातही जमीन जास्त तापलेली असते, मग त्या वर्षी पाऊस जास्त का नाही? वर्ग गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, "सर, पाऊस नाही म्हणून तर तापती." एवढं ज्याला उमगलं त्याला निम्मा मान्सून कळला. खाऱ्या वाऱ्याची आकृती अजूनही फळ्यावर गिरवणारे विद्वान मला ऐकवतात, की खेड्यातल्या मुलांना हे झेपत नाही. त्यांनी एकदा खेड्यातल्या मुलांना विचारून बघावं.

पण बाईंचं खरं शिकवणं मला दिसतं ते आंध्रातल्या अनंतपूर आणि कर्नाटकातल्या पावगडच्या भुईमूग पट्ट्यात. पी. आर. शेषगिरी राव यांच्यासोबत त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांना बरोबरीचं स्थान दिलं. पेरता कधी, कोणत्या टप्प्यावर खंड पडला तर पीक जातं, पानं पोखरणारी अळी केव्हा पडते, हे आधी विचारून घेतलं. पाऊस हातात नाही. पेरणीची तारीख मात्र काही अंशी आहे. मग कित्येक दशकांच्या पावसाच्या नोंदी पीक-प्रारूपात घालून पाहिल्या. जुलैच्या मध्यानंतर पेरलं तर भुईमूग बुडायचा धोका कमी होतो, असं निघालं. यात यंदाचा पाऊस कसा, याचं भाकीत कुठेच नाही. जुन्या नोंदी आणि शेतकऱ्याचा प्रश्न, एवढ्या भांडवलावर हे उभं राहिलं. २००६ साली मुलगा सिद्धार्थ याच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी मांडलं, की मोठा दुष्काळ देशाच्या सकल उत्पादनाचा दोन ते पाच टक्के घास घेतो, पण चांगल्या पावसाचा फायदा तेवढा पदरात पडत नाही. कोरडवाहू शेतकरी खत-औषधावर पैसा टाकायला धजत नाही, हे त्यामागचं त्यांनी दिलेलं कारण. मानवतच्या कापूस बाजारात हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

त्याच धाग्यावर मी शाळेत पर्जन्यमापक बसवला होता. सकाळी साडेआठला मुलं मिलिमीटर मोजायची आणि वहीत लिहायची. परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका; पण आपल्या गावात किती पडला हे ठाऊक असेल तर ना! मृगाचा शिंतोडा पडला की बाप चाड्यावर मूठ धरायला निघायचा आणि सहावीतली लेक म्हणायची, "आबा, आतापर्यंत चाळीसच झालाय." दुबार पेरणीचं बियाणं काय भावाने पडतं, हे आबाला पक्कं माहीत असायचं. तो थांबायचा. दर वेळी नाही, पण थांबायचा.

आता महसूल मंडळाला स्वयंचलित यंत्र आहे. त्याचे आकडे विमा कंपनीला पोचतात, शाळेला नाही. जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रं २०२४ साली देशभर बंद झाली. मोकळ्या झालेल्या जागेत मोबाइलवर तारखेसकट पाऊस वाटणारे भविष्यवाले बसले. त्यांचा अंदाज चुकला तर वही कोण काढणार? वहीच नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातलं उभं सोयाबीन कुजलं. त्यानंतर एका तरुण भूगोल शिक्षकाला मी म्हटलं, पर्जन्यमापक पुन्हा बसवू, खर्च माझा. तो म्हणाला, "सर, अभ्यासक्रमात नाही ते." सप्टेंबरातला पाऊस तरी कुठल्या इयत्तेला होता, मी विचारलं. विचार करून सांगतो म्हणालाय.